मालवणच्या समुद्रात सोलापूरचं शेड कार्ड

हीटर मी मुद्दाम बंद केले नाहीत. हे आधीच लिहून टाकतो, कारण मालवणहून परतल्यापासून घरात, कारखान्यात, अगदी आमच्या वळसंग गावच्या पाहुण्यांतसुद्धा एकच चर्चा आहे: आप्पांनी पोरीचं काम मुद्दाम बिघडवलं. आमच्या कारखानदार मंडळींच्या दिवाळी अंकासाठी मला ‘प्रवासावर काहीतरी’ लिहून द्या म्हणाले. बाकीचे लोक दुबई नाहीतर काश्मीर लिहितील. मी मालवण लिहितो. तिथे मी फिरायला गेलो नव्हतो, सौदा करायला गेलो होतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे. पुढे लूम, मागे सूत रंगवायचं डायहाऊस. बाराव्या वर्षी दुसऱ्याच्या लूमवर सुताच्या कांड्या भरायला लागलो, तिथून इथपर्यंत आलो. वडिलांनी एकच इस्टेट ठेवली, ती म्हणजे बोलणी. ते गुरांच्या बाजारात दलाली करायचे. त्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबायची. जितकी बोटं दाबली तितका आकडा. भोवती दहा माणसं उभी असली तरी कोणाला पत्ता लागत नाही. आणि समोरच्याने मूठ वळली तर जनावर विकायचं नाही. मुठीपुढे बोलणं नसतं. टॉवेल झटकायचा, खांद्यावर टाकायचा आणि पुढच्या दावणीकडे चालू लागायचं.

भाग्याला, माझ्या एकुलत्या एका मुलीला, मी हा खेळ ती पाच वर्षांची असताना शिकवला. चादरीखाली हात घालून ती माझ्याकडून बिस्किटं उकळायची. कधी तोट्यात गेली नाही. पुढे कॉलेजात असताना ती डायहाऊसमध्ये उभी राहू लागली. लोक नावं ठेवायचे. मी म्हणायचो, तिच्या डोळ्यासारखा डोळा अख्ख्या एमआयडीसीत दाखवा. ओल्या सुताची लड बघून ती सांगायची, वाळल्यावर शेड कार्डवरच्या कितव्या पट्टीला जुळेल. शेड कार्ड म्हणजे एकाच रंगाच्या फिक्यापासून गडदपर्यंतच्या पट्ट्या चिकटवलेला पुठ्ठा. आमचा धंदा त्या पुठ्ठ्यावर चालतो. पट्टी चुकली की माल परत.

अशी पोरगी समुद्रातल्या जनावरांचं शास्त्र शिकायचं म्हणाली. शिक म्हटलं, परत येईल या हिशेबाने. ती मालवणला जाऊन चिकटली. दोन वर्षं झाली. डोळा तयार केला मी, वापरतोय समुद्र. हा माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

मे महिन्यात शेजारच्या कारखानदाराने माझा कारखाना मागितला. लूम, डायहाऊस, सगळं. “येत्या सोमवारी हो का नाही ते सांगा,” म्हणाला. भाग्या परत येणार असेल तर नाही. येणार नसेल तर साठीला आलेल्या माणसाने कोणासाठी राबायचं? म्हणून मंगळवारी पहाटे गाडी काढली.

मंगळवार: घाटाखाली

कोल्हापूरपर्यंतचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. घाट उतरल्यावर मात्र हवा बदलली. सोलापुरात त्या आठवड्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास होता. पण आमचं ऊन सरळ असतं. डोक्यावर मारतं, सावलीत गेलं की सोडतं. कोकणातली उष्णता अंगाला ओल्या पोत्यासारखी बिलगते. सावलीतही घाम, पंख्याखालीही घाम. शर्ट दोनदा बदलला, तिसऱ्यांदा नाद सोडला.

आमच्या मंडळींनी, म्हणजे शांताने, बरोबर कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणी बांधून दिली होती. कडक भाकरी आमच्याकडे महिनाभर कुरकुरीत राहते. मालवणात पोचून संध्याकाळी डबा उघडला तर भाकरी मऊ पडलेली. मोडायला गेलो तर दुमडली. साठ वर्षांत दुमडणारी कडक भाकरी मी पहिल्यांदा बघितली. ज्या हवेत भाकरी टिकत नाही त्या हवेत माझी पोरगी दोन वर्षं काय करत होती, हा प्रश्न मला तेव्हापासून जास्तच चावू लागला.

भाग्या जिथे भाड्याने राहते त्याच घरात मी उतरलो. घराची मालकीण साठीची, सगळे तिला काकी म्हणतात. तिने ताट आणलं आणि मी मासे खात नाही म्हटल्यावर ताटासकट उभी राहिली.

“मासे खायनास? मगे हयसर कित्याक इलास?”

“पोरीला न्यायला.”

“तिका न्हेतलास?” काकी हसली. “ती आमची झाली आता. माका विचारल्याशिवाय ती हलूची नाय.”

माझ्या पोरीवर हक्क सांगणारी तिसरी पार्टी सौद्यात असेल हे मला माहीत नव्हतं. पण सोलकढी चांगली होती. दोन वाट्या प्यायलो. तिसरी मागायला मन धजेना, कारण विरोधी पार्टीचं मीठ जास्त खाऊ नये.

बाजारात कोकम घ्यायला गेलो तेव्हा आणखी एक अपमान झाला. दुकानदाराने भाव सांगितला. मी नेहमीप्रमाणे निम्मा सांगितला. आमच्याकडे इथून बोलणं सुरू होतं. तो माझ्याकडे बघून पेपर वाचायला लागला. मी चार पावलं चालून गेलो, वळून बघितलं, तो अजून पेपरच वाचत होता. शेवटी मीच परत आलो आणि त्याच्या भावाने घेतलं. भाव ठीकच होता. पण न भांडता घेतलेली वस्तू आपली वाटत नाही.

बुधवार: टाक्या

मंगळवारी रात्री भाग्या कामावरच राहिली आणि पहाटे तिथूनच समुद्रावर गेली, त्यामुळे गाठ पडली ती बुधवारी दुपारी, तिच्या कामाच्या जागी. नारळीच्या वाडीत पत्र्याची लांब शेड. आत काचेच्या टाक्यांची रांग. पंप समुद्राचं पाणी ओढतो, ते प्रत्येक टाकीतून वाहून परत बाहेर जातं. काही टाक्यांत हीटर. पाण्याखाली सिमेंटच्या छोट्या चकत्यांवर बसवलेले तुकडे, प्रत्येकाला नंबर. काही तपकिरी, काही पिवळट, काही अगदी चुन्यासारखे पांढरे. मला ते वाळलेल्या फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे दिसले.

भाग्या उन्हाने काळी पडली होती. केस खारट, हात खरखरीत. पाया पडली. मी “बरं हाईस का” म्हणालो. ती “व्हय” म्हणाली. दोन वर्षांचं बोलणं तेवढ्यात संपलं.

“हे दगड कशाला उकळायला लागलीस?” मी विचारलं.

“दगड न्हाय आप्पा, जनावर हाय. प्रवाळ. इतकी बारीक बारीक असत्यात, हजारोंनी एकत्र ऱ्हात्यात आणि खाली चुन्याचं घर बांधत्यात. अंगात एक शेवाळ ठेवून घेत्यात. शेवाळ उन्हात अन्न तयार करतंय आणि घरभाडं म्हणून ह्यांना देतंय. रंग दिसतो तो त्या भाडेकरूचाच.”

“आणि पांढरं कशानं होतंय?”

“पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंश-दीड अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की ही जनावरं भाडेकरूला बाहेर काढत्यात. मग आतला चुना दिसतो.”

“म्हंजे मेलं.”

“न्हाय. उपाशी पडलं. पाणी वेळेत गार झालं तर शेवाळ परत येतंय. न्हाय झालं तर मरतंय.”

एका टाकीवर लावलेला आकडा मी वाचला. बत्तीस. मला हसू आलं. “अगं, सोलापुरात चव्वेचाळीस हाय! आमची माणसं त्यात लूमवर बारा तास उभी ऱ्हात्यात. डायहाऊसमध्ये तर विचारूच नको. ह्यांना बत्तिसात काय होतंय?”

“तुमची माणसं पहाटे अंगणात झोपत्यात की. पहाटेचं वारं लागतंय. ह्यांना रात्रंदिवस तेच पाणी. उठून सावलीला जाता येत न्हाय. एकदा बसलं ते जन्मभर तितंच.”

मग तिने दुसरी रांग दाखवली. त्यातले तुकडे अजून तपकिरी होते. किनाऱ्याजवळच्या उथळ डबक्यांत ओहोटीच्या वेळी पाणी फार तापतं. तिथे वाढलेले हे. बाकीचे पांढरे पडले तरी हे टिकून होते. कोणते किती दिवस सोसतात आणि का, हे शोधायचं तिचं काम. समुद्र असाच तापत राहिला तर पुढे लावण करायला बियाणं म्हणून हेच उपयोगी पडतील, असं ती म्हणाली.

“मग सगळीकडं हेच लावा की. मजबूत माल हाय.”

“मजबूत माल सावकाश वाढतो, आप्पा. ह्यांच्यातलं शेवाळ उष्णता सोसतंय, पण भाडं कमी देतंय. सोसायचं म्हटलं की वाढीत तोटा.”

बारा वर्षांचा असताना कांड्या भरायला लागलेल्या माणसाला हे कोणी शिकवायला नको.

तेवढ्यात तिने गळ्यातलं एक कार्ड काढलं. प्लास्टिकचं, त्यावर फिक्यापासून गडदपर्यंत तपकिरी चौकोन. ते पाण्यात एका तुकड्याशेजारी धरलं, एक डोळा बारीक केला, वहीत आकडा लिहिला. दुसऱ्या तुकड्याशी धरलं, आकडा लिहिला. एक डोळा बारीक करायची सवय माझी आहे.

“हे शेड कार्ड हाय,” मी म्हणालो.

“व्हय. हितं दोन माणसांनी बघितलं तर दोन आकडे येत्यात. माझा आकडा दुसऱ्यांदा बघितला तरी तोच येतो. आमच्या मार्गदर्शक मॅडम विचारत होत्या, कुटं शिकलीस.”

“काय सांगितलंस?”

“टॉवेलच्या कारखान्यात.”

आनंद व्हायला हवा होता. मला घरफोडी झाल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी शेडच्या पायरीवर मी पिशवीतून आमचा नवा टॉवेल काढला आणि माझ्या हातावर टाकला. तिला कळलं. हसली, इतकी वर्षं झाली तरी. टॉवेलखाली हात घातला. मी तिचं एक बोट दाबलं. एक वर्ष. एक वर्ष हे काम कर आणि घरी ये. माझ्या बाजूने ही मोठी सूट होती. मी तिला त्याच आठवड्यात न्यायला आलो होतो.

तिने मूठ वळली.

आमच्या नियमाप्रमाणे मी टॉवेल झटकून उठायला हवं होतं. मी उठलो नाही. ते माझं चुकलं. मुठीनंतरही जो बसून राहतो त्याची पत जाते.

“शेजारी कारखाना मागतोय,” मी म्हणालो. “सोमवारी उत्तर द्यायचं हाय.”

“मग द्या की.”

“तुझ्या आज्ज्याचं न्हाय ते, माझं रक्त हाय.”

“म्हणूनच म्हणते, तुमी ठरवा. माझ्यावर टाकू नका. हे तुकडे अठरा दिवस झाले तापत्यात. अजून चार दिवस, मग बोलू. साकु, आप्पा.”

साकु म्हणजे पुरे. आमच्या घरी भांडण वाढलं की कानडी सुरू होतं, आणि साकु झालं की संपतं.

गुरुवार: बटणं

दुसऱ्या दिवशी ती बोटीवर गेली. जाताना म्हणाली, “शेडमध्ये बसा, तितं वारं लागतंय. चारला येते.” एक सहकारी होता, तो दीडच्या सुमारास जेवायला गेला. त्या गावात जेवणानंतर झोपतात. दुकानंसुद्धा झोपतात. मी एकटा राहिलो.

आता जे लिहितो ते आमच्या लोकांना लगेच कळेल, बाकीच्यांनी समजून घ्यावं. आमच्याकडे माणूस उठला की बटण बंद. चहाला गेलेल्याचा लूम चालू दिसला तर त्या दिवशी मी कोणाला सोडत नाही. याला कंजूषपणा म्हणू नका. माझ्या डायहाऊसमध्ये एकदा पाणी आटलेल्या टाकीत कॉइल चालू राहिली आणि पत्र्यापर्यंत जाळ गेला. तेव्हापासून रिकाम्या खोलीत तापणारी वस्तू दिसली की माझा हात माझं ऐकत नाही. लग्नकार्यात मी लोकांच्या घरचे गिझर बंद केलेत.

भिंतीवर बटणांची पाटी होती. लाल दिवे लागलेले. माणूस नाही. मी उठलो, सहाच्या सहा बटणं बंद केली, आणि चांगलं काम केल्यासारखा येऊन खुर्चीत बसलो.

चारला भाग्या आली. पाय धुतले, टाकीजवळ गेली, आकड्याकडे बघितलं आणि पाण्यात हात घातला. मग सगळ्या टाक्यांत घातला. मग पाटीकडे बघितलं.

“कुणी बंद केलं?”

“मी. माणूस नव्हता.”

ती ओरडली नाही. मी ओरडलो असतो. टाकीतल्या मोजयंत्रावरची नोंद तिने बघितली आणि खाली बसली. मग एकेक सांगू लागली, मला नाही, भिंतीला. वाहतं पाणी असल्यामुळे तासाभरातच टाक्या समुद्राइतक्या गार झाल्या. जनावरांना मध्ये विसावा मिळाला. अखंड उष्णता किती दिवस सोसतात हेच बघायचं होतं, आणि अखंड आता राहिलं नाही. सरकारी परवानगीत मोजकेच तुकडे होते. पंधरा दिवसांत पाऊस लागणार, समुद्र बंद. पुन्हा सुरुवात करायची तर पावसाळ्यानंतर, नवी परवानगी, नवे तुकडे.

“पाटीवर चिठ्ठी होती,” ती म्हणाली. “मी लिहिलेली. बंद करू नये म्हणून. दिसली न्हाय?”

“दिसली असती तर केलं असतं का?”

“लाइफ जॅकेट लटकत होतं वाटतं वरनं,” ती स्वतःशीच म्हणाली. मला तिनेच वाट काढून दिली.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण समोरच्याचा माल पडला की बोलणी पुढे रेटायची, हे रक्तातच आहे. मी म्हणालो, “झालं ते झालं. आता चार महिने हितं काय काम हाय? चल घरी.”

तिने माझ्याकडे बघितलं. एक डोळा बारीक करून. कार्डवर मी कितव्या चौकोनाला जुळतो ते बघत असावी.

“ह्यासाठी केलंत?” तिने विचारलं.

मी तापलो. खुर्ची लाथेने पाडली. साठ वर्षांच्या माणसाला चोर म्हणतेस का, तुला कोणी वाढवलं, हे मासळीचं गाव तुझं कोण लागतं, सगळं बोललो. अर्धं कानडीत. ती एकदाही साकु म्हणाली नाही. उठली आणि बटणं पुन्हा चालू केली. का केली कोणास ठाऊक. उपयोग काहीच नव्हता.

शुक्रवार: समुद्र

पहाटे मी बॅग भरली. काकीने चहा दिला आणि म्हणाली, “दोघांयचा तोंड एकसारख्या सुजलाला. एकाच माशाची खवलां तुमी.” मला मासा म्हटल्याचंही वाईट वाटायची ताकद नव्हती.

भाग्या दारात उभी होती. “बोटीत चला. तुमच्यासाठी न्हाय. आकडे लिहायला माणूस कमी हाय.”

बोटवाला बाबल, पन्नाशीचा, गळ्यात रुमाल. मला हात देऊन चढवताना म्हणाला, “आप्पानू, भिया नको. बोट बुडली तर पयलो मी बुडतलंय.”

“मला पवता येतंय,” मी म्हणालो. वळसंगच्या विहिरीत आजोबांनी ढकलून शिकवलं होतं.

“हीर येगळी, दर्या येगळो,” तो म्हणाला. मग वल्ह्याने खाली दाखवलं. “गेल्या साली हयसर सगळा तपकिरी होता. आता बगा. दर्याक ताप इलोसा. माणसाक ताप इलो तर गोळी देतत. दर्याक कोण देतलो?”

भाग्या पाण्यात उतरली. दर थोड्या वेळाने डोकं वर काढून ओरडायची: “नंबर सात, दोन! नंबर आठ, एक! नंबर नऊ, एक!” मी लिहीत होतो. आमच्या डायहाऊसमध्ये ती आणि मी असंच काम करायचो. ती बघायची, मी लिहायचो. आकडे सगळे फिक्या बाजूचे. पाच-सहा एकही नाही. तासाभराने पान भरलं आणि ती म्हणाली, “या खाली. बघून जा एकदा.”

डोळ्यांना चष्मा, तोंडात नळी, मी उतरलो. पाणी कोमट. एरवी मी म्हणालो असतो, छान आहे, अंघोळीला बरं. तोंड खाली केलं.

पांढरं. खाली जितकं दिसत होतं तितकं पांढरं. रंगवायच्या आधी आम्ही सूत ब्लीच करतो. ब्लीच झालेल्या लडी ओळीने टांगलेल्या असतात, त्या बघून मला कायम बरं वाटतं, कारण आता रंग चढणार. हे अगदी तसंच दिसत होतं, आणि इथे रंग उतरून झाला होता. मधूनमधून हिरवट-तपकिरी लव चढलेले गड्डे होते. मला वाटलं, यांचा रंग परत आला. मी भाग्याला बोटाने दाखवलं. तिने मान हलवली आणि हाताने गळा कापल्याची खूण केली. ते मेलेले होते, वर दुसरंच शेवाळ चढलं होतं. त्यातल्या एका गड्ड्याशी एक बारका निळा मासा फिरत होता. त्याचं घर गेलं होतं आणि तो तिथेच येरझाऱ्या घालत होता.

पुढे एक मोठा गोल गड्डा होता, बैलगाडीच्या चाकाएवढा. त्याची वरची बाजू पांढरी, पण खाली, सावलीच्या अंगाला, तपकिरी. भाग्याने कार्ड धरलं. मला पाच बोटं दाखवली. चौकोन पाच. एवढं एक.

लाटेने मी कलंडलो आणि तिने माझा हात धरला. पाण्याखाली बोलता येत नाही. वर टॉवेल नव्हता, पण वर सगळा समुद्र होता आणि बाबलला खालचं काही दिसत नव्हतं. मी तिचं एक बोट दाबलं. मग दोन. मग तीन. दोन वर्षं, तीन वर्षं, ये तेव्हा ये. मग पाचही बोटं एकदम दाबली. माझ्या आयुष्यात मी इतका वर कधी गेलो नव्हतो.

ती मूठ वळेल म्हणून मी वाट बघितली. तिने वळली नाही. दाबलीही नाहीत. हात तसाच उघडा राहू दिला, माझ्या हातात, पाण्याने ओढला जाईल तिकडे जाणारा. आमच्या बाजारात याला काही अर्थ नाही. मूठ असते किंवा बोट असतं. वडील असते तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग तिला वर बाबलला आकडा सांगायचा होता म्हणून तिने हात काढून घेतला.

निघायच्या आधी मी बाजारातून लाकडाची पेटी, बिजागऱ्या आणि कुलूप आणलं. दुकानदाराने सांगितला तो भाव दिला. शेडमधल्या बटणांवर पेटी ठोकली, कुलूप लावलं, किल्ली भाग्याच्या टेबलावर ठेवली. ती टाक्या धूत होती. “बरं झालं,” म्हणाली. एवढंच.

सोमवार आणि नंतर

सोमवारी शेजारी माझ्या केबिनमध्ये येऊन बसला. मी लूम दिले. डायहाऊस मागितलं तेव्हा मूठ वळली. तो तोंडाने बोलणारा माणूस, त्याला मूठ कळत नाही. अर्धा तास बोलत राहिला. मी टॉवेल खांद्यावर टाकला आणि उठून गेलो. आता दोन माणसांत मी डायहाऊस चालवतो. लूम नसलेलं डायहाऊस म्हणजे चूल आहे आणि घर नाही, असं लोक म्हणतात. बरोबर म्हणतात.

भाग्या आईशी फोनवर बोलते, माझ्याशी बोलत नाही. काकीकडून कळलं की पावसाने समुद्र गार केला आणि तो बैलगाडीच्या चाकाएवढा गड्डा जगला. बाकीचं फारसं नाही. परवानगी मिळाली तर ती पुन्हा सुरुवात करणार आहे.

शांता रोज विचारते, “खरं सांगा, मुद्दाम केलं का?” मी नाही म्हणतो, आणि ते खरं आहे. पण एवढा कागद भरल्यावर उरलेलं ठेवून काय करू? हा अंक भाग्याच्या पत्त्यावर जातो, दरवर्षी.

बटणं बंद करून मी खुर्चीत बसलो. पाठीला काहीतरी हवं होतं, म्हणून पाटीवर लटकलेलं लाइफ जॅकेट काढायला उठलो. त्याच्या मागे चिठ्ठी होती, भाग्याच्या अक्षरात. ती मी वाचली. दोनदा वाचली. मग वाटलं, हे काम मोडलं तर ती घरी येईल. बटणं बंदच ठेवून मी जॅकेट परत जागेवर टांगलं.

तोपर्यंत दहा मिनिटंही झाली नव्हती, भाग्या. मी टाकीत बोट घालून बघितलं होतं. पाणी अजून गरम होतं.